निकालाआधीची चार वर्षे

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

दहावीचा निकाल लागला, की आमच्या ओट्यावर चपला जमू लागतात. हातात संगणक केंद्रातून काढून आणलेली गुणांची प्रत, शेजारी मान खाली घालून बसलेला मुलगा किंवा मुलगी, आणि पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला, ‘‘बाई, याला आता कुठं घालायचं?’’

तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत मी तीस वर्षे इतिहास-भूगोल शिकवला. आमच्यासारख्या शाळेत स्वतंत्र समुपदेशक कुठला असायला! मुलांना पुढच्या शिक्षणाचे मार्गदर्शन करण्याचे काम माझ्याकडे आले आणि निवृत्तीपर्यंत माझ्याकडेच राहिले. निवृत्तीनंतर शाळा सुटली, पण हा प्रश्न काही सुटला नाही. प्रश्न चुकीचा नाही. तो फक्त उशिरा विचारला जातो. मूल आठवीत असल्यापासून काही दारे उघडत असतात आणि काही मिटत असतात. घरात कुणाच्या ते लक्षात येत नाही, एवढेच.

या कामाचा पाया एका माणसाने फार पूर्वी घालून दिला. अमेरिकेतील बॉस्टन शहरात फ्रँक पार्सन्स यांनी १९०८ साली तरुणांना व्यवसाय निवडायला मदत करणारे केंद्र सुरू केले. त्यांचे म्हणणे साधे होते. आधी स्वतःला नीट ओळखा, मग कामांची नीट माहिती करून घ्या, आणि नंतर या दोन्हींचा मेळ विचारपूर्वक घाला. आपल्याकडे मुदलियार आयोगाने १९५२-५३ मध्ये माध्यमिक शाळांत मार्गदर्शनाची सोय असावी अशी शिफारस केली. कोठारी आयोगाने तर मार्गदर्शन प्राथमिक शाळेपासूनच सुरू व्हावे असे म्हटले. पण प्रत्यक्षात मार्गदर्शन म्हणजे निकालानंतरचे एक व्याख्यान, असेच बहुतेक ठिकाणी झाले आहे.

पार्सन्स यांची पहिली पायरी म्हणजे स्वतःला ओळखणे. त्यासाठी चाचण्या असतात आणि पालकांचा सर्वांत जास्त गोंधळ तिथेच होतो. शाळेची परीक्षा सांगते, मुलाने आजवर काय शिकले. अभिक्षमता चाचणी सांगते, एखाद्या प्रकारचे काम तो किती सहज शिकू शकेल. कल चाचणी सांगते, त्याला काय आवडते. राज्यात २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या मुलांची कल चाचणी घेतली जात असे. ‘चाचणीत कला आली, म्हणजे याला विज्ञान जमणार नाही,’ असे म्हणणारे कितीतरी पालक तेव्हा मला भेटले. आवडणे वेगळे आणि जमणे वेगळे. शिवाय पंधराव्या वर्षीची आवड पुष्कळदा पाहिलेल्या माणसांवरून ठरते. ज्याने सर्वेक्षक पाहिलाच नाही, त्याला सर्वेक्षणाची आवड कशी दिसणार?

पण पालकांना कशाला नावे ठेवू? माझी स्वतःची चूक सांगते. २००३ साली दहावीच्या वर्गाची आम्ही अभिक्षमता चाचणी घेतली होती. एका मुलीचे अंकक्षमतेचे गुण बरेच खाली होते. वडील शेतकरी, घरात शिकलेले कुणी नाही. तिला विज्ञान शाखेला जायचे होते. मी तक्त्यावर बोट ठेवून वडिलांना सांगितले, ‘‘गणिताच्या वाटेला नका पाठवू, दमेल पोरगी.’’ ती कला शाखेत गेली, बी. ए. झाली.

निवृत्तीच्या वेळी कपाट आवरताना त्या चाचणीच्या उत्तरपत्रिका हाती लागल्या. अंकक्षमतेचे प्रश्न होते चाळीस. तिने सोडवले होते सतरा. सतराही बरोबर होते. कागदाच्या कडेला प्रत्येक गणित दोनदा करून ताळा पाहिलेला. परीक्षेत खाडाखोड केली की गुण जातात, हे तिच्या मनावर इतके बिंबले होते की वेळेच्या चाचणीतही ती घाई करेना. मी एकूण गुण पाहिले होते. उत्तरपत्रिका उलगडली नव्हती.

ती आज एका पतसंस्थेत हिशेब सांभाळते. भेट झाली तेव्हा मी तिला हे सांगितले. क्षणभर ती काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘सतराच्या सतरा, बाई?’’ मी हो म्हटले. ती म्हणाली, ‘‘तुम्ही नको म्हणालात, मग घरी पुन्हा कुणी विचारलंच नाही.’’

चाचणीचा कागद हा पोलिसपाटलाचा दाखला नव्हे. मुलाने किती प्रश्न सोडवले, त्यातले किती बरोबर आले, भाषा समजली का, त्या दिवशी तो आजारी होता का, हे विचारल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. दोन-तीन वर्षांचे शालेय गुण, शिक्षकांचे मत आणि मुलाचे स्वतःचे म्हणणे यांच्या शेजारी ठेवूनच तो वाचावा.

आता इयत्तेप्रमाणे काय करायचे, ते पाहू.

आठवीत राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा असते. शासकीय, अनुदानित आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतील मुलांसाठी ती आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असावे लागते. निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८,००० रुपये मिळतात. ही संधी फक्त आठवीत आहे. मूल हुशार आहे हे दहावीत कळले, तर या रकमेपुरता उशीर झालेला असतो.

नववी हे दुर्लक्षित वर्ष. मुलांचे गणित बहुधा इथेच कच्चे राहते आणि दहावीत ते पाठांतराने झाकले जाते. या वर्षी मुलाला माणसे दाखवा. तालुक्याच्या ठिकाणी प्रयोगशाळा तंत्रज्ञ असतो, भूमी अभिलेखचा सर्वेक्षक असतो, बँकेचा कृषी अधिकारी असतो. एखाद्या सुटीत त्यांच्याकडे नेऊन तासभर बसवा. पार्सन्स यांची दुसरी पायरी ती हीच.

दहावीत अभ्यासाबरोबर एक प्रश्न सोडवायचा, गणित ठेवायचे की सोडायचे? अकरावी विज्ञानाला गणित सोडले, की अभियांत्रिकीच्या सीईटीचा गणित गट हातचा जातो. वाणिज्य शाखेत अनेक महाविद्यालयांत गणित किंवा चिटणिसाची कार्यपद्धती अशी निवड असते. पुढे संख्याशास्त्र किंवा अर्थशास्त्र खोलवर शिकायचे असेल, तर गणित उपयोगी पडते. आणि कला शाखेतही गणित घेता येते. बोर्डाचे पुस्तकच ‘कला व विज्ञान’ अशा दोन्ही शाखांसाठी आहे. ते शिकवणारी महाविद्यालये मात्र थोडी, म्हणून आधी चौकशी करावी. त्या मुलीच्या वेळी मी ती केली नव्हती.

ज्यांना लवकर हाताला काम हवे, त्यांच्यासाठी आयटीआय आणि तंत्रनिकेतन आहेत. या बंद गल्ल्या नव्हेत. दोन वर्षांचा आयटीआय अभ्यासक्रम केलेल्याला पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला आणि पदविकाधारकाला अभियांत्रिकी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. अकरावीचे प्रवेश २०२५-२६ पासून राज्यभर ऑनलाइन झाले. त्या वर्षी पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळूनही प्रवेश न घेणाऱ्यांना पुढच्या नियमित फेऱ्यांना मुकावे लागले. म्हणून पहिला पसंतीक्रम शेजाऱ्याचे पाहून भरू नये.

अकरावी म्हणजे विश्रांतीचे वर्ष, हा समज महागात पडतो. राज्याच्या सीईटीत अकरावीच्या अभ्यासक्रमावर सुमारे २० टक्के प्रश्न असतात. नीट आणि जेईईला तर दोन्ही वर्षांचा अभ्यासक्रम असतो.

आणि याच वर्षी कागद गोळा करायचे. आरक्षित जागेवर व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घ्यायचा, तर जातीच्या दाखल्याबरोबर जात वैधता प्रमाणपत्रही लागते. त्यासाठी ठरावीक तारखेपूर्वीचा पुरावा पाहतात. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. म्हणजे आजोबांच्या शाळेचा उतारा शोधावा लागतो. ती शाळा दुसऱ्या तालुक्यात असते, नावात काना-मात्रेचा फरक असतो, रजिस्टरचे पान फाटलेले असते. हे काम बारावीच्या निकालानंतर आठ दिवसांत होत नाही. परीक्षेत उत्तम गुण मिळवूनही केवळ या कागदासाठी जागा गमावलेली मुले मी पाहिली आहेत. त्यांच्या घरी कुणाला काय बोलावे, ते सुचत नाही.

बारावीत पर्सेंटाइल आणि टक्के यांत घोटाळा करू नका. ९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के गुण नव्हेत. परीक्षेला बसलेल्या शंभरांपैकी नव्वद जण तुमच्याइतके किंवा तुमच्याहून कमी गुणांवर आहेत, एवढाच त्याचा अर्थ. नीट आणि जेईईत चुकीच्या उत्तराला गुण कापतात, राज्याच्या सीईटीत कापत नाहीत. त्यामुळे सरावही वेगळा हवा. खर्चाच्या भीतीने मुलींना थांबवण्याआधी हेही पाहा. २०२४-२५ पासून उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या मागास आणि इतर मागासवर्गीय कुटुंबांतील मुलींचे, केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून मिळालेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे.

यातले कोणतेही काम एका दिवसाचे नाही आणि कोणत्याही कामाला फार पैसा लागत नाही. आपले मूल आठवीत असेल, तर उद्याच शाळेत जाऊन शिष्यवृत्तीच्या अर्जाची चौकशी करा. अकरावीत असेल, तर सवड काढून आजोबांच्या गावी जाऊन शाळेचा उतारा मागा. आणि कुणी तुमच्यासमोर चाचणीचा तक्ता ठेवून ‘हे याला जमणार नाही’ म्हणाले, मग ते सांगणारी माझ्यासारखी अनुभवी बाई का असेना, तिला एवढेच विचारा, ‘‘उत्तरपत्रिका दाखवता का?’’