एमली मूर प्रक्षेपण केंद्र
एमली मूर हे इंग्लंडच्या वेस्ट यॉर्कशायर काउंटीतील दूरचित्रवाणी प्रक्षेपण केंद्र आहे. येथील पोलादी मनोरा बर्फ साचल्याने १९ मार्च १९६९ रोजी कोसळला. त्याजागी उभारलेला सुमारे ३३० मीटर उंचीचा काँक्रीटचा मनोरा १९७१ साली कार्यान्वित झाला. सप्टेंबर २०११ मध्ये येथील ॲनालॉग प्रक्षेपण बंद झाले.

डिजिटल पद्धतीत अनेक वाहिन्यांचे संकेत संकुचित करून एकत्र गुंफतात. या गटास मल्टिप्लेक्स म्हणतात. प्रत्येक मल्टिप्लेक्सची वारंवारता वेगळी असते. छपरावरील अँटेनाने ग्रहण केलेल्या संकेतांतून दूरचित्रवाणी संच हवी ती वाहिनी वेगळी करतो. संकेत क्षीण झाल्यास ॲनालॉग चित्र केवळ धूसर होई. डिजिटल चित्र मात्र तुटक होऊन नाहीसे होते. डोंगराआड या लहरी नीट पोहोचत नसल्याने दऱ्यांतील वस्त्यांसाठी लहान सहक्षेपण केंद्रे आहेत.