मांजरीचे लाकडी घर
बेळगाव-निपाणी भागात मृगाचा पाऊस सुरू झाला, की आपल्या धान्याचे उंदरांपासून रक्षण करणारी मांजर पिले तोंडात धरून आडोसा शोधीत फिरते. तिला निवारा देणे हे आम्ही आपले देणेच मानतो. एक लाकडी खोके विटांवर वीतभर उंच ठेवावे; छप्पर मागे उतरते करून वर पत्रा ठोकावा. सह्याद्रीवरून येणारी झड पश्चिमेची, म्हणून दार पूर्वेस ठेवावे. ते सहा इंचांहून मोठे नको; मोठे कुत्रे आत शिरता कामा नये. चिंध्या ओल धरतात. त्यांऐवजी सुके भाताचे काड घालावे. खोके लहान असले, तरच मांजरीच्या अंगची ऊब आत टिकते. रोहिणी नक्षत्रातच एवढे केले, तर पिले भिजून दगावणार नाहीत.