तोफांच्या काळातलं लॉर्ड्स

टॉमस लॉर्डच्या बापाची यॉर्कशायरमधली जमीन १७४५च्या जॅकोबाइट बंडापायी गेली. बंडवाल्यांची बाजू घेतल्याची ती किंमत. पोरगा लंडनला आला, वाइनच्या धंद्यात पडला आणि इस्लिंग्टनच्या व्हाइट कंड्यूट क्लबात उमरावांना गोलंदाजी टाकू लागला. उघड्या मैदानावर कुणीही येऊन उभं राहतं, याचा उमरावांना वीट आला होता. अर्ल ऑफ विंचिल्सी आणि कर्नल चार्ल्स लेनॉक्स यांनी तोटा भरून द्यायची हमी दिली, आणि मे १७८७मध्ये लॉर्डनं मेरिलबोन भागात स्वतःचं बंदिस्त मैदान सुरू केलं. मेरिलबोन क्रिकेट क्लब, म्हणजे एमसीसी, हीही त्याच वर्षीची.

१७९३ला फ्रान्सशी युद्ध जुंपलं. थोडी उसंत सोडली, तर ते १८१५पर्यंत चाललं. क्रिकेटवर कुणी बंदी घातली नाही. तशी गरजही नव्हती. खेळाला पैसा पुरवणाऱ्यांतले कितीतरी जण लष्करी गणवेशातच होते. १७९२मध्ये डब्लिनच्या फिनिक्स पार्कात लेनॉक्सच्या संघाविरुद्ध आर्थर वेलस्ली नावाचा एक तरुण अधिकारी खेळला. फलंदाजीत त्यानं काही दिवे लावले नाहीत. अकरा वर्षांनी असईच्या रणात शिंदे-भोसल्यांच्या फौजांना त्याची वेगळी ओळख झाली.

युद्धाची खरी खूण मात्र लॉर्ड्सवर नव्हे, वॉलवर्थला दिसली. १७९६मध्ये तिथं ग्रिनिच हॉस्पिटलच्या आश्रयाला असलेल्या जुन्या नौसैनिकांचा सामना झाला. एका बाजूला एक हात गमावलेले, दुसऱ्या बाजूला एक पाय गमावलेले. पैज मोठी लागली होती. एका पायाचे जिंकले. आपल्याला हा तमाशा क्रूर वाटतो. पण त्या काळचं क्रिकेट जगायचंच पैजेवर. सभ्य गृहस्थांचा खेळ वगैरे नंतरची रंगसफेदी.

लॉर्डला धंदा बरोबर कळत होता. १८०२च्या तहानंतर गार्नेरँ हा फ्रेंच बलूनवीर लंडनला आला, तेव्हा त्याचं एक उड्डाण लॉर्ड्सवरूनही झालं. वर्षभरात दोन्ही देश पुन्हा लढू लागले. भाडं वाढणार हे दिसताच लॉर्डनं दुसरी जागा घेतली आणि हिरवळ सोलून तिकडे नेली. ती जागा एमसीसीला रुचली नाही. १८११ ते १८१३ या वर्षांत मोठे सामनेही मोजकेच झाले. तेवढ्यात रीजंट्स कालव्याची आखणी नेमकी त्या मैदानातून गेली. नेपोलियनला जे जमलं नाही, ते कालव्यानं केलं! हिरवळ पुन्हा उचलली गेली आणि १८१४मध्ये सेंट जॉन्स वुडमध्ये, म्हणजे आजच्या जागी, अंथरली गेली.

जून १८१५मध्ये, वॉटर्लूच्या काही दिवस आधी, इंग्रज अधिकारी बेल्जियममध्येही क्रिकेट खेळत होते. लेनॉक्स तोवर ड्यूक ऑफ रिचमंड झाला होता आणि ब्रसेल्सला मुक्कामी होता.

१८२५मध्ये लॉर्डनं मैदानाच्या काही भागावर घरं बांधायचा घाट घातला, तेव्हा एमसीसीचा सभासद विल्यम वॉर्ड यानं ५,००० पौंड मोजून त्याचा हक्क विकत घेतला. त्याच जुलैत पॅव्हेलियनला आग लागली आणि एमसीसीची जुनी दप्तरं, धावपुस्तकं जळून गेली.