दुसऱ्या संघाला हवी स्वतःची लीग : स्पेनची पद्धत आणि चेन्नईचा अनुभव

चेन्नई : कोइम्बतूरच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर ९ मार्च २०१९ रोजी चेन्नई सिटी एफसीने मिनर्व्हा पंजाबला ३-१ असे नमवले आणि आय-लीगचे विजेतेपद पटकावले. दुसऱ्या क्रमांकावरील ईस्ट बंगालशी अंतर होते अवघ्या एका गुणाचे. त्या मोसमात २१ गोल करणारा उरुग्वेत जन्मलेला पेद्रो मांझी आणि त्याचे सहकारी नेस्तोर गोर्दियो, सांद्रो रॉद्रिगेझ व रोबेर्तो एस्लाव्हा हे चौघेही स्पेनच्या फुटबॉलमधून आले होते. तेथील कोणत्याही बड्या क्लबचे ते तारांकित खेळाडू नव्हते. स्पेनच्या खालच्या श्रेणींमध्ये त्यांची जडणघडण झाली होती. या श्रेणींचे एक वैशिष्ट्य भारतीय फुटबॉलला अद्याप पुरते साधलेले नाही. तेथे मोठ्या क्लबांचे राखीव संघही इतर संघांप्रमाणेच नियमित लीग खेळतात.

‘राखीव’ या शब्दामुळे मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर बाकावर बसलेले खेळाडू येतात. स्पेनमध्ये मात्र क्लबचा ‘ब’ संघ हा स्वतंत्र प्रशिक्षक, स्वतंत्र वेळापत्रक आणि गुणतक्त्यात स्वतःचे स्थान असलेला संघ असतो. रेआल माद्रिदचा कास्तिया, बार्सिलोनाचा बार्सा अ‍ॅटलेटिक आणि अ‍ॅथलेटिक क्लबचा बिल्बाओ अ‍ॅथलेटिक ही त्याची ठळक उदाहरणे. अकादमीतून बाहेर पडलेला अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा तेथे समवयस्कांशी खेळत नाही. तिशी ओलांडलेल्या, अनुभवी आणि प्रसंगी धसमुसळ्या व्यावसायिकांशी त्याची गाठ पडते. एखाद्या लहान शहराच्या मैदानावर स्थानिक प्रेक्षकांचा रोष झेलत त्याला गुण मिळवावे लागतात. मुख्य संघात पाचारण झालेल्या अशा खेळाडूला पंचविसाच्या पुढचा क्रमांक मिळतो, कारण १ ते २५ हे क्रमांक मुख्य संघातील नोंदणीकृत खेळाडूंसाठी असतात. त्यामुळे पाठीवरचा आकडा पाहूनच प्रेक्षक ओळखतात की हा मुलगा खालून वर आला आहे.

या व्यवस्थेला नियमांचे कुंपण आहे. ‘ब’ संघ आपल्या मुख्य संघाच्या श्रेणीत खेळू शकत नाही. मुख्य संघाची घसरण होऊन तो ‘ब’ संघाच्या श्रेणीत आला, तर ‘ब’ संघाला आणखी एक पायरी खाली उतरावे लागते. १९८३-८४ च्या मोसमात कास्तियाने दुसऱ्या श्रेणीचे विजेतेपद मिळवले, पण बढती मिळाली नाही. पहिल्या श्रेणीत रेआल माद्रिद आधीच होता. त्या संघातील एमिलिओ बुत्रागेन्योसह अनेक तरुण पुढे मुख्य संघाचा कणा ठरले, म्हणजे बढती संघाला नाही तरी खेळाडूंना मिळाली. त्याआधी १९८० मध्ये तर याच कास्तियाने स्पॅनिश चषक स्पर्धेची अंतिम फेरी गाठली होती आणि समोर उभा होता रेआल माद्रिदच! वडीलधाऱ्यांनी तो सामना ६-१ असा जिंकला. १९९० नंतर ‘ब’ संघांना या चषक स्पर्धेचे दरवाजे बंद झाले, मात्र लीगमधील त्यांचे स्थान कायम राहिले.

प्रशिक्षकही याच वाटेने घडतात. पेप गार्दिओला यांनी २००७-०८ मध्ये बार्सिलोनाचा ‘ब’ संघ सांभाळला आणि पुढच्याच मोसमात मुख्य संघाची सूत्रे हाती घेतली. सर्जिओ बुस्केट्स आणि पेद्रो हे खेळाडू त्यांच्यासोबतच वर आले.

भारतात हा प्रयोग झालाच नाही, असे म्हणता येणार नाही. २०१४ मध्ये स्थापन झालेल्या आणि २०१५ व २०१७-१८ मध्ये इंडियन सुपर लीग जिंकणाऱ्या चेन्नईयन एफसीचा ‘ब’ संघ २०१७-१८ मध्ये आय-लीगच्या द्वितीय विभागात उतरला. पुणे सिटीसह इतर क्लबांचे राखीव संघही तेथे होते आणि त्यांना बढतीचा हक्क नव्हता. येथपर्यंत साम्य स्पेनशीच होते, फरक होता तो सामन्यांच्या संख्येत. २०२२ मध्ये गोव्यात रिलायन्स फाउंडेशन डेव्हलपमेंट लीग सुरू झाली. ती प्रामुख्याने २१ वर्षांखालील खेळाडूंची होती आणि पहिल्या वर्षी आठ संघांच्या एका फेरीत प्रत्येकाच्या वाट्याला सात सामने आले. स्पेनच्या तिसऱ्या श्रेणीत, जेथे अलीकडे कास्तिया खेळतो, एका संघाला मोसमात ३८ सामने खेळावे लागतात. सात सामन्यांत प्रशिक्षकाला मुलाची चुणूक दिसते. पण दुखापत, वाईट फॉर्म, संघातून वगळले जाणे आणि पुन्हा उभे राहणे हे सारे अनुभवण्यास सात सामने पुरत नाहीत.

खरा व्यावसायिक सामना तरुणाला काय देतो, याचे एक उदाहरण मराठी वाचकांच्या जवळचे आहे. १७ वर्षांखालील विश्वचषकातील मुलांना घेऊन अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने ‘इंडियन अ‍ॅरोज’ हा संघ २०१७-१८ च्या आय-लीगमध्ये उतरवला. बांबोळी येथील पहिल्याच सामन्यात त्याने चेन्नई सिटीला ३-० असे हरवले आणि त्यातील दोन गोल कोल्हापूरच्या अनिकेत जाधवचे होते. अ‍ॅरोजमध्ये खेळलेला रहीम अली पुढे चेन्नईयनच्या मुख्य संघात स्थिरावला. हा संघही २०२२ मध्ये बंद करण्यात आला. क्लबांनी मग दुसरी वाट धरली. डेहराडूनचा अनिरुद्ध थापा चेन्नईयनमध्ये आल्यानंतर काही काळ मिनर्व्हा पंजाबकडे उसना दिला गेला व परतल्यावर मुख्य संघाचा आधार बनला. उसनवारीची ही सोय उपयुक्त आहे खरी, पण ती निवडक गुणवंतांपुरतीच राहते. उरलेल्या वीस-बावीस मुलांचे काय, हा प्रश्न तिने सुटत नाही.

चेन्नईत या प्रश्नाला जुने उत्तर होते. इंडियन बँक, इंटिग्रल कोच फॅक्टरी, दक्षिण रेल्वे यांसारख्या कार्यालयीन संघांत खेळाडूला मैदान आणि नोकरी दोन्ही मिळत. इंडियन बँकेचा संघ राष्ट्रीय लीगपर्यंत पोहोचला होता. भारताकडून खेळलेले आणि नंतर चेन्नईयनच्या प्रशिक्षक वर्गात आलेले सय्यद साबिर पाशा हे त्याच परंपरेतले. व्यावसायिक क्लब आल्यावर तरुणांचे आकर्षण स्वाभाविकपणे तिकडे वळले. मात्र क्लबचे भवितव्य एका करारावर किंवा परवान्यावर अवलंबून असते. चेन्नई सिटीमध्ये स्वित्झर्लंडच्या एफसी बासेलने २६ टक्के भागभांडवल घेतले होते. तरीही विजेतेपदानंतर तीन वर्षे होण्याआधीच हा क्लब आय-लीगमधून बाहेर गेला. जुलै २०२५ मध्ये सुपर लीगचा नवा मोसम लांबणीवर पडल्याचे आयोजकांनी कळवले आणि ऑगस्टमध्ये चेन्नईयननेही कामकाज थांबवले.

मुख्य संघ थांबला की ‘ब’ संघाच्या मुलाला वर जाण्यासाठी जागाच उरत नाही आणि एकोणीस ते बावीस ही त्याच्या घडणीची वर्षे थांबत नाहीत. सरावाला मैदान मिळाले तरी शनिवार-रविवारी प्रतिस्पर्धी कोण, हे त्याला ठाऊक नसते. त्याच वयाच्या कास्तियातील मुलाच्या हाती मोसमाच्या आरंभीच ३८ सामन्यांचे वेळापत्रक असते.