कादंबरींतील सत्ता कोणाच्या हातीं?

मराठी शिकविण्यांत आयुष्याचीं तेहतीस वर्षें घालविलेल्या माणसानें कादंबरी कशी वाचावी हें उतारवयांत आपल्या सुनेकडून शिकावें, यांत कमीपणा मानण्याचें कारण नाहीं. प्रसंग घडला तो असा. गेल्या चातुर्मासांत दुपारच्या वेळीं हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो!’ ही कादंबरी आमच्या घरीं मोठ्यानें वाचण्याचा क्रम ठेवला होता. यमूच्या वपनाच्या प्रकरणापाशीं आलों, तेव्हां शाळेंतील जुन्या संवयीप्रमाणें मीं शंकरमामंजींचें स्वभावचित्र सांगावयास आरंभ केला : ढोंगी, क्रूर, धर्माच्या आडून आपलेंच म्हणणें चालविणारा. सून भाजी निवडीत बसली होती. ती सहज म्हणाली, “बाबा, एकट्या शंकरमामंजींनीं हें कसं केलं असेल? घरांत बाकीचीं माणसं होतींच ना?”

मला उत्तर सुचलें नाहीं. तें शोधीत असतां जें मनांत आलें, तें वाचकांपुढें ठेवीत आहें.

संस्कृताच्या संस्कारांत वाढलेल्या आम्हां लोकांस पात्रें कोष्टकांत बसविण्याची संवय असते. धनंजयाच्या ‘दशरूपकां’त नायकाचे धीरोदात्त, धीरललित, धीरप्रशांत आणि धीरोद्धत असे चार प्रकार सांगितले आहेत. नाटकाला हें वर्गीकरण पुष्कळ उपयोगीं पडतें. परंतु यमूला कोणत्या कोष्टकांत बसवावें? ती राज्य करीत नाहीं, युद्ध करीत नाहीं. आपली हकीकत आपल्या तोंडानें सांगते, एवढेंच तिचें कर्तृत्व. आणि नवीन आहे तें हेंच. हरिभाऊंनीं १८९० सालीं ‘करमणूक’ पत्र काढलें; त्यांत ही कादंबरी क्रमशः आली व १८९३ सालीं पुस्तकरूपानें निघाली. विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा तर १८५६ सालींच झाला होता. सरकारनें मोकळीक दिल्याला चौतीस वर्षें लोटलीं, तरी यमूच्या डोक्यावरील केंस यमूच्या मालकीचे नव्हते. कायद्याची सत्ता ओसरीपर्यंत येऊन थांबते आणि माजघरांत दुसरीच चालते, हें त्या काळीं एखाद्या व्याख्यानानें पटलें नसतें. यमूच्या साध्या बोलण्यानें तें पटलें.

त्यांतही एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. ज्या माणसानें आपल्यावर एवढा जुलूम केला, त्याचा उल्लेख यमू शंकरमामंजी असाच करते. नात्याचा मान आणि शेवटचा ‘जी’ तिच्या लेखणींतून सुटत नाहीं. एवढ्या एका संबोधनांत त्या घरांतील सत्तेचें सगळें स्वरूप सांठविलेलें आहे. हातांत काठी नसली तरी चालते. वडिलकीचें नांव पुरतें.

आतां प्रतीकांविषयीं. परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत मुलें लिहीत, ‘केंस म्हणजे सौभाग्य, वस्तरा म्हणजे रूढी’, आणि मीही त्यांस गुण देत असें. हें समीकरण चूक नाहीं, पण उतावळें आहे. आनंदवर्धनानें नवव्या शतकांत ध्वनीचा विचार मांडतांना बजावलें आहे कीं, ज्याला उजेड हवा त्यानें आधीं दिव्याची निगा राखावी. त्याचप्रमाणें ज्याला व्यंग्यार्थ हवा त्यानें आधीं वाच्यार्थ नीट पाहावा. वस्तरा हा प्रथम वस्तरा आहे. तो कोणाच्या तरी हातांत असतो, त्या हाताला कोणी तरी बोलावून आणलेलें असतें, आणि त्या वेळीं घरांतील बाकीचीं माणसें कोठें तरी बसलेलीं असतात. सुनेचा प्रश्न दिव्यापाशीं होता. मी उजेडाविषयीं बोलत होतों.

आणि मग मला आमचें परसदार आठवलें. आजोबांची धाकटी बहीण आमच्याच घरीं असे. आम्ही मुलें तिला आत्याआजी म्हणत असूं. १९६५ च्या सुमाराची गोष्ट. तांबडें आलवण नेसलेली ती वृद्ध बाई माजघराच्या कोपऱ्यांत वाती वळीत बसलेली असे. आजोबांनीं तिला वपनाची आज्ञा केल्याचें मीं एकदांही ऐकलें नाहीं. ते शंकरमामंजी खास नव्हते. पंधरा दिवसांनीं आजी मला म्हणे, “जा रे, न्हाव्याला सांगून ये.” मी धांवत जाई, कारण परत आल्यावर हातावर गुळाचा खडा पडे. आत्याआजी पाठमोरी बसे. तिच्या तोंडाकडे मीं त्या वेळीं पाहिलें होतें काय, हें आज कितीही आठवलें तरी आठवत नाहीं.

ज्या १८९० सालीं हरिभाऊंचें ‘करमणूक’ सुरू झालें, त्याच सालीं मुंबईंतील न्हाव्यांनीं, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानें, सभा भरवून विधवांचें वपन न करण्याचा निर्धार केला. शास्त्रार्थ करणारे पंडित वाद घालीत असतां ज्यांच्या हातांत वस्तरा होता त्यांनीं तो खालीं ठेवण्याचें ठरविलें! हुकूम देणारा एक असतो, पण तो पुढें नेणारे हात अनेक. त्यांतील एक हात मागें घेतला तरी पुष्कळ अडतें.

पुढील काळांत सत्तेचें रूप पालटलें व कादंबरीचेंही. १९६३ सालीं भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ निघाली. पहिल्या वाचनीं तिच्या मोकाट भाषेनें मी चिडलों होतों, हें कबूल केलें पाहिजे. येथेंही नायक आपली कथा आपणच सांगतो. पांडुरंग सांगवीकर खानदेशांतील गांवाहून पुण्यास शिकावयास येतो, वडिलांच्या पैशावर राहतो, त्यांच्यावर मनांतून धुमसतो आणि अखेर गांवींच परततो. वडील कठोर आहेत, पण खलपुरुष नव्हेत. कोसला म्हणजे किड्यानें स्वतःभोंवतीं विणलेला कोश; तो राखतो आणि कोंडतोही. यमूला दुसऱ्यांनीं कोंडलें. पांडुरंगाच्या कोशाचे कांहीं धागे त्याचेच आहेत. म्हणून कादंबरी वाचतांना आज्ञा कोणाची, एवढेंच विचारून भागत नाहीं. ती पाळली कोणीं, आणि पाळणाराला काय मिळालें, हेंही विचारावें. मला गूळ मिळत होता.

सुनेला मीं हें सारें सांगितलें. तिनें कांहीं वेळानें विचारलें, “आत्याआजींचं नांव काय होतं?” मला तें सांगतां आलें नाहीं. घरांत तिला नांवानें कोणी हांक मारीत नसे. आजोबांच्या हातची वंशावळ काढून पाहिली, तर तींत मुलींचीं नांवें घालण्याची पद्धतच नव्हती. तिच्या सासरकडील एका वृद्ध नातलगांस पत्र टाकलें आहे. उत्तर आलें म्हणजे तें नांव वंशावळींत आजोबांच्या नांवाशेजारीं लिहावयाचें, असें आम्ही दोघांनीं ठरविलें आहे.