राखाडी, करडा, पारवा

एका शाळेच्या गणवेशासंबंधीचे परिपत्रक पूर्वी माझ्या हाती आले होते. विजारीचा रंग ‘करडा’ असावा एवढाच तपशील त्यात होता, आणि त्या एका शब्दाच्या भरवशावर पेठेतल्या चार दुकानांतून आलेली कापडे शेजारी शेजारी पसरली तेव्हा एक चुलीतल्या राखेसारखे, दुसरे पावसाळी ढगासारखे, तिसरे नुसतेच मळकट पांढरे आणि चौथे तर चक्क खाकीकडे झुकणारे निघाले. दोष दुकानदारांचा नव्हता. काळा आणि पांढरा यांच्यामधल्या मुलखाची एका नावाने दप्तरी नोंद मराठीने कधी केलीच नाही. ज्या वस्तूत जी छटा दिसली, त्या वस्तूचेच नाव तिला लावून ती मोकळी झाली.

रात्री विझलेल्या चुलीतली गोवरीची राख सकाळी हलकी, पांढुरकी असते आणि भांडी घासण्यासाठी भिजवली की काळपट होते. ‘राखाडी’ म्हणताना मात्र यांच्यामधली कोरडी छटाच डोळ्यांपुढे येते. ‘पारावत’ या संस्कृत शब्दातून उतरलेल्या पारव्याच्या मानेवर ऊन पडताच हिरवी-जांभळी झाक खेळू लागते, परंतु ‘पारवा रंग’ म्हणताना आपण ती मान सोडून निळसर पाठच तेवढी उचलतो. जैन तत्त्वज्ञानातील सहा लेश्यांपैकी तिसरी ‘कापोत’ होय; म्हणजे मनाच्या मलिनतेचे माप सांगायलाही कबुतराचाच रंग उपयोगी पडला.

अमरकोशात ‘धूसर’ म्हणजे किंचित पांडुर, तर ‘धूम्र’ म्हणजे काळ्या-तांबड्याचे मिश्रण. आपल्याला करड्या दिसणाऱ्या धुरात कोशकाराला विस्तवाची लाली दिसली असावी. आज धूसर हा रंग उरलेला नाही. आठवण धूसर असते, लुगडे नसते. ‘करडी नजर’ या प्रयोगातही डोळ्यांचा वर्ण कोणी पाहत नाही, जरब तेवढी पाहतात.

सर्वांत मौजेची कुळकथा खाकीची. फारसीत ‘खाक’ म्हणजे माती, धूळ; मराठीत मात्र घर ‘जळून खाक’ होते ते राखेच्या अर्थाने. आपल्या हिशेबाने खाकी हा राखेचाच रंग ठरायचा. परंतु पेशावरकडे १८४६ साली उभारलेल्या गाइड्स पलटणीच्या अंगावर जी खाकी चढली आणि पुढे आपल्या पोलीस चौकीपर्यंत येऊन पोचली, ती मातीची. तेव्हा त्या चौथ्या दुकानदाराची बाजू व्युत्पत्तीच्या दृष्टीने अगदीच लंगडी नव्हती.