कांचनजंगा: आकार नव्हे, हवामान

मुंबईत कंबाला हिलवरची 'कांचनजंगा' पाहायची तर रस्त्यावरूनच, कारण ती खासगी निवासाची इमारत आहे. पण तिचा विचार तेवढ्यानेही कळतो. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांची ही २८ मजली इमारत १९८३ मध्ये पूर्ण झाली. उंची सुमारे ८४ मीटर, घरे फक्त ३२. पानाफुलांचा आकार तिच्यात कुठेच नाही, तरीही ती निसर्गातूनच घडली आहे. मुंबईत घराचे तोंड पश्चिमेला हवे, कारण समुद्राचा वारा तिकडून येतो. दुपारचे ऊन आणि पावसाचा माराही तिकडूनच. जुन्या बंगल्यांनी हा पेच भोवतीच्या व्हरांड्याने सोडवला. कोरियांनी तोच व्हरांडा उंचावर नेला. कोपऱ्यांत कोरलेल्या दुमजली उंचीच्या गच्च्या घराला ऊनपावसापासून राखतात आणि वारा आत घेतात.

हे श्रीमंतांचे चोचले, हा आक्षेप घरांच्या आकारापुरता खरा आहे, तत्त्वापुरता नाही. त्याच दशकात कोरियांनी नवी मुंबईतल्या बेलापूरला छोट्या भूखंडांवर एक-दोन मजली घरे रचली, प्रत्येकाला मोकळे अंगण देऊन. गच्चीत जागा वाया जाते, असेही म्हणतात. पण जुन्या नाशिकच्या वाड्यांतला चौक वाया गेलेला नव्हता. उजेड आणि वारा तिथूनच आत येई. अर्थात नाशिकच्या गंगापूर रोडला कांचनजंगाची नक्कल उपयोगाची नाही. नाशिकची हवा कोरडी, हिवाळा कडक. इथल्या गच्चीला दक्षिणेचे ऊन हवेच.